नऊ नंबरच्या गाळ्याचे शटर

मी एक जुने शटर आहे. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत, बैठ्या चाळीतल्या नऊ नंबरच्या गाळ्याला. मित्रांनो, तुम्ही माझ्यासमोरून शंभरदा गेला असाल आणि एकदाही माझ्याकडे पाहिले नसेल. राग नाही. शटर उघडे आहे की बंद, एवढेच लोक बघतात.

आम्हा शटरांचे आयुष्य उलटे असते. जग कामाला लागले की आम्ही वर गुंडाळून झोपतो आणि जग घरी गेले की जागे होऊन उभे राहतो. त्यामुळे माझ्या गाळ्यात बावीस वर्षे जे काम चालले, ते मी डोळ्यांनी कधीच पाहिले नाही. सगळे झोपेत कानावर आले. मिठाईची खोकी बनवायचा तो कारखाना. पुठ्ठा दुमडल्याचा आवाज, खळीचा आंबूस वास, पाच बायकांचे हसणे. माझ्या स्वप्नांत अजून गुलाबी खोकी येतात. ती पाखरांसारखी उघडतात, मिटतात आणि मागच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात ओळीने जाऊन बसतात.

माझा जन्म जोगेश्वरीच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. लोखंडी पट्ट्या एकमेकींत ओवल्या, वर स्प्रिंग बसवली, राखाडी रंग मारला आणि टेम्पोत घालून मला इकडे आणले. मालक नंदकिशोर साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगत, “एका बोटाने वर जातं बघा!” जात होतेच. पण दर शनिवारी जुन्या बनियनचा बोळा शिलाई मशीनच्या तेलात भिजवून माझ्या दोन्ही खाचा पुसायची ती त्यांची कामगार सुलक्षणा. स्तुती साहेबांच्या खात्यात, तेल सुलक्षणाच्या. जमाखर्च मी चोख ठेवतो.

मग एका बुधवारी साहेबांनी मला खाली ओढले. त्यांच्या पत्नी, वसुधाबाई, आजारी होत्या. “आठ दिवसांनी उघडू,” असे ते बायकांना म्हणाले. माणसांचे आठ दिवस किती लांब असतात, ते मला तेव्हा कळले. साहेब पुन्हा फिरकलेच नाहीत. पालिकेची मालमत्ता कराची बिले माझ्या पायाखालच्या फटीतून आत सरकत राहिली. मग नोटिसा आल्या, त्या माझ्या छातीवर चिकटल्या. शेवटी कुलपावर लाखेचे सील बसले.

तीन वर्षे मी सलग जागा होतो. इतके जागरण झाले की लोखंडही बरळू लागते. भर दुपारी मला वाटायचे, आत खोकी चालू लागली आहेत आणि दाराशी येऊन हळूच टकटक करताहेत. अंगावर गंज चढला. खालच्या एका पट्टीला तर वाटाण्याएवढे भोक पडले.

सुलक्षणा तेवढी बाजाराला जाता-येता थांबायची. सील तुटणार नाही अशा बेताने खाचांत दोन थेंब सोडायची. तिच्याकडूनच कळले, पाचही जणी आता तिच्या इमारतीच्या जिन्यात बसून खोकी करतात. पण सोसायटीचे सेक्रेटरी अंबादास यांनी लेखी ताकीद दिली होती: दिवाळीनंतर जिन्यात एकही खोके दिसता कामा नये. जागा नाही मिळाली, तर पाच घरांचे काम बंद.

अशात माझ्यावर नवा कागद लागला. थकीत करापोटी गाळ्याचा जाहीर लिलाव. राखीव किंमत अठ्ठावीस लाख, जागा आहे त्या स्थितीत.

सुलक्षणाने तो बोट फिरवत तीनदा वाचला. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला, लवूला, घेऊन आली. सून श्रुतिकाही वही घेऊन आली. बचत गटाची शिल्लक, पतपेढीचे कर्ज, लवूची ठेव, सगळे खरवडून आकडा निघाला एकतीस लाख तीस हजार.

“आणि त्याच्या पुढे कोण गेलो तर?” लवूने विचारले.

“तर आपण घराक जावचा,” सुलक्षणा म्हणाली. “मंगळसूत्र ह्या वहीत धरूचा नाय. आधीच सांगतंय.”

गाळा बघायचा दिवस ठरला. मला वाटले, आज तरी ही मला पुसून काढेल. पाहुणे येणार म्हटले की आपण नाही का तोंड धूत? श्रुतिकाने फडके काढलेही.

“आई, निदान हे जाळं तरी काढूया ना?”

“हात लावू नको! आज काय त्याला दाखवायला बसवायचंय?”

लवूलाही माझी दया आली. “अगो, जरा तेल तरी घाल तेका.”

“आज नको. तसाच रवांदे.”

मित्रांनो, खरे सांगतो, इतके वाईट मला सील बसले तेव्हाही वाटले नव्हते. बावीस वर्षे अंग चोळून देणारी बाई, आणि आज परक्यासारखी बाजूला उभी!

शेजारच्या तीन गाळ्यांचा मालक चंद्रप्रकाश दिवस कलल्यावर आला. त्याला मधली भिंत पाडून चारी गाळे एक करायचे होते. त्याने मला बुटाने ढोसले. गंजाचा पापुद्रा खाली पडला. सील असल्याने आत जाता येईना, म्हणून त्याने भोकाला डोळा लावला. काळोखाशिवाय काही दिसले नाही. तेव्हा तो सुलक्षणाकडे वळला.

“ताई, तुम्ही इथेच कामाला होता ना? आत काय हालत आहे?”

“छप्पर गळतं, शेठ.”

“किती?”

“पावसात दोन बादल्या लागतात. मोरीचं पाणी मागे येतं. डाव्या भिंतीला ओल आहे. आणि हे शटर तर तुमच्यासमोरच आहे.”

“वाट लागली म्हणजे,” असे म्हणत तो मोबाइलवर आकडे दाबू लागला. छप्पर, मोरी, भिंत. नव्या शटरचे पन्नास हजार त्याने अगदी शेवटी टाकले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “हे आधी भंगारात.”

सुलक्षणाने एकही शब्द खोटा सांगितला नव्हता, मी साक्षीला आहे. मागच्या खिडकीतून चार वाजेपर्यंत ऊन येते, पोटमाळा दगडासारखा भक्कम आहे, हे मात्र तिने सांगितले नाही. त्याने विचारलेही नाही.

लिलाव माझ्याच पुढ्यात झाला. चहावाल्याकडून खुर्च्या आणल्या. पालिकेच्या मॅडम टेबलाशी बसल्या. अनामत पाच जणांनी भरली होती. चौघे पुढे ऐटीत बसले. पाचवे नाव एका महिला बचत गटाचे होते, आणि तो गट कापडी पिशवी मांडीवर घेऊन मागे बसला होता. चंद्रप्रकाशला वाटले, बायका गंमत बघायला आल्या आहेत.

अठ्ठावीस, साडेअठ्ठावीस. एक जण उठून गेला. तीस. आणखी दोघे थांबले. चंद्रप्रकाशने मोबाइलकडे पाहिले आणि एकतीस म्हणाला.

“एकतीस लाख, एक वार,” मॅडम म्हणाल्या.

“दोन वार.”

सुलक्षणाचा हात वर गेला. “एकतीस पंचवीस.”

चंद्रप्रकाश खुर्चीसकट वळला. “तुम्ही? अहो, तुम्हीच म्हणालात ना गळतं म्हणून!”

“गळतंच, शेठ. पण बादली कुठे लावायची ते मला ठाऊक आहे.”

लोक हसले. सुलक्षणा हसली नाही. वहीत आता पाचच हजार उरले होते. चंद्रप्रकाशने पुन्हा आकडे दाबले. छप्पर, मोरी, भिंत. मग त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितले. बराच वेळ बघितले. मी जन्मात इतका कुरूप व्हायचा प्रयत्न कधी केला नव्हता. छातीवरच्या फाटक्या नोटिसा, लोंबणारे जाळे, ते भोक, जे होते ते सगळे मी त्याच्यापुढे मांडले.

“जाऊ दे यार,” तो म्हणाला. “शटरपासून नवीन करायला लागणार.”

“तीन वार!”

तेव्हा कुठे मला त्या दिवसाचा हिशेब लागला. तेल न घालणे हेही कधीकधी जमेच्या बाजूला असते.

पैसे भरणे, मंजुरी, कागद यांत दोन महिने गेले. मग मॅडमच्या माणसाने सील फोडले. चंद्रप्रकाशही बघायला आला होता. बादल्या मोजायला, असे तोच म्हणाला. सुलक्षणा खाली बसली, पिशवीतून तेलाची बाटली आणि बनियनचा बोळा काढला. घाई नव्हती तिला. डावी खाच, उजवी खाच, मग प्रत्येक पट्टी. भोकावर तिने बोट ठेवले. म्हणाली, “दुखलं का रे त्या दिवशी?”

मित्रांनो, तुमच्या घरी, दुकानात माझ्यासारखे कुणी कुरकुरत असेल, तर भंगाराचा भाव विचारण्याआधी त्याला दोन थेंब तेल घालून बघा. एवढेच मागणे. फार बोलत नाही, कारण पाच बायकांनी मिळून मला हात घातला आहे. एका बोटाने मी आता जात नाही, पाच जणी लागतात.

मी वर चाललो आहे. मागच्या खिडकीतले ऊन आत पसरले असणार. कुणीतरी म्हणते आहे, “खळ कुठे ठेवायची गं?” तीन वर्षांनी डोळे मिटताहेत. पहिले गुलाबी खोके आले.