योग्य वेळी कळवू

नव्यानं डोकं वर काढणाऱ्या देशांबद्दल प्राध्यापकांचा शब्द शेवटचा मानला जाई. कोणता देश पुढे येणार आणि जुन्या दादांना कुठे सरकून बसावं लागणार, हे ते चष्मा पुसता पुसता सांगत. घरात मात्र ऐकायला कोणी नव्हतं. बायको गेल्यापासून ते रेडिओवरच्या बातम्यांशी भांडत. पण रेडिओ उलट बोलत नसे, म्हणून त्या भांडणातही राम नव्हता.

अशात परगावच्या लेकीचा फोन आला. "बाबा, इकडेच या राहायला. मागची खोली रिकामी केलीय. खिडकीपाशी तुमचं टेबल मावतं, मी मापून पाहिलं."

तोंडाशी आलेला होकार प्राध्यापकांनी गिळला. पहिल्याच प्रस्तावाला मान डोलावणाऱ्याची किंमत राहत नाही, हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं.

"प्रस्ताव स्वागतार्ह आहे," ते म्हणाले. "सर्व पर्याय खुले ठेवून विचार करू."

"म्हणजे येताय की नाही?"

"योग्य वेळी कळवू."

"बाबा, मी तुमची मुलगी आहे, पत्रकार नाही!"

तिनं पुन्हा विचारावं, जरा गळ घालावी, मग आपण मोठ्या मनानं कबूल व्हावं, असा त्यांचा बेत होता. दरम्यान त्यांनी पुस्तकं खोक्यांत भरली. टेबल एका अंगानं कलवून उलटं पाडलं, पाय सुटे केले आणि मुलांचे पेपर मांडीवर तपासू लागले. फोन वाजला की लगेच उचलत नसत. घाई दिसता कामा नये. बहुतेकदा पलीकडे कर्ज घ्या म्हणणारी बाई असे.

अखेर लेकीचा फोन आला. "सासूबाई आल्यात राहायला. विचारलं, तर पिशवी घेऊनच निघाल्या. तुमचं मन दिसेना, म्हटलं कशाला भरीस घाला?"

"बरं केलंस. जागा रिकामी राहिली की कोणीतरी भरतंच." हे वाक्य त्यांच्याच पुस्तकातलं होतं.

"तुम्ही येणार होतात का हो, बाबा?"

त्यांनी खोक्यांकडे पाहिलं. "खिडकीपाशी काय ठेवलंय?"

"त्यांचा पलंग."

"ऊन येतं ना त्यांना?"

"येतं."

"मग झालं."

फोन ठेवून त्यांनी टेबलाचे पाय परत बसवले. ते एकट्याला जमलं. टेबल सुलटं करायला मात्र पलीकडून धरणारं कोणीतरी लागतं. ते तसंच राहिलं, पाय वर करून.