उशिरा पोचणारे इशारे

हंगाम संपून तीन दिवस झाले होते. डेनिस हॉगलंड वेंडेल क्राउझच्या खोलीत आली आणि त्याच्या टेबलावर मूल्यमापनाचा चार पानांचा फॉर्म ठेवून उभीच राहिली. डेनिस कॉलेजच्या खेळ विभागाची प्रमुख आणि वेंडेल अमेरिकन फुटबॉल संघाचा हेड कोच. दहा सामन्यांत त्याच्या संघाने तीन जिंकले होते, सात घालवले होते. फॉर्मवर नाव मात्र त्याचं नव्हतं, ऑरिन टेश यांचं होतं. ते बचावफळीचे कोच.

"थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी दे," डेनिस म्हणाली. "वरून विचारणा आहे. सामन्यामागे सरासरी छत्तीस गुण खाल्लेत आपण. अख्ख्या लीगमध्ये एवढे कुणी खाल्ले नाहीत."

"पोरं जायबंदी होती, डेनिस."

"मग तसं लिही. पण नीट बघून लिही. आणि खरं सांगू? ऑरिननं स्वतःहून निवृत्ती घेतली तर मला हा कागद नकोच आहे. एक जेवण देऊ, एक मानाचा फलक देऊ, सगळ्यांची सुटका."

ती गेल्यावर वेंडेलने फॉर्म उलटा करून ठेवला.

ऑरिन टेश सदुसष्ट वर्षांचे. त्यातली एकतीस वर्षं याच मैदानाच्या कडेला गेलेली. वेंडेल एकोणीस वर्षांचा असताना त्यांच्याच हाताखाली खेळला होता. समोरच्याचे खांदे बघ, डोळे फसवतात, हे त्यांनीच त्याला शिकवलं. नऊ वर्षांपूर्वी तो हेड कोच झाला तेव्हा ऑरिननी त्याचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "आता तू साहेब. पण मला साहेब म्हणायला लावू नकोस." तेव्हापासून बचाव त्यांच्याकडे आणि आक्रमण वेंडेलकडे, अशी वाटणी होती. बचावफळी मैदानात असली की वेंडेल बाकावर बसलेल्या आपल्या पोरांसमोर पाटी घेऊन वाकलेला असायचा. पलीकडे काय चाललंय ते त्याला आरडाओरड्यावरून कळायचं.

बुधवारी सकाळी त्याने थर्मास भरून घेतला, फिल्मच्या खोलीत जाऊन बसला आणि पहिल्या सामन्यापासून बघायला लागला. बाहेर ओला बर्फ पडत होता. खोलीत हीटर नुसता खडखडत होता, ऊब म्हणून काही नव्हती.

खरं तर तो सबबी शोधत होता, आणि त्या सापडतही होत्या. दुसऱ्या सामन्यात वारा उलटा होता. तिसऱ्यात उजव्या बाजूच्या पोराचा गुडघा गेला. चौथ्यात त्याच्या स्वतःच्या आक्रमणफळीने चेंडू इतक्या वेळा घालवला की बचावफळीला बसायला उसंतच मिळाली नाही. ते त्याने प्रामाणिकपणे लिहून काढलं आणि त्याला जरा बरं वाटलं.

गुरुवारी दुपारी मात्र त्याला दुसरंच काही दिसलं. एक कॅमेरा स्टँडच्या वरच्या टोकाला असतो, त्यात सगळं मैदान येतं. एक चाल संपली की पुढची सुरू व्हायला पाऊण मिनिटही मिळत नाही. तेवढ्यात ऑरिननी कडेला उभं राहून हातांनी खुणा करायच्या आणि अकरा पोरांनी त्या बघून जागा घ्यायच्या, अशी रीत. फिल्ममध्ये समोरच्या संघाने चेंडू उचलला, तेव्हा त्याची आठ पोरं अजून कडेकडेच बघत होती. ऑरिनचा हात छातीपर्यंत येऊन थांबलेला.

त्याने फिल्म मागे नेली. पुन्हा बघितली. मग पहिल्या सामन्यापासून नुसतं तेवढंच मोजायला बसला. पहिल्यात दोनदा. चौथ्यात नऊदा. शेवटच्यात एकोणीसदा.

त्याने पेन ठेवलं आणि चेहऱ्यावरून हात फिरवला. पाच हंगाम एकदम अंगावर आल्यासारखा थकवा आला होता. असला थकवा झोपून जात नाही, हे त्याला ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट होती. सातवा सामना त्यांनी जिंकला होता. त्यात ऑरिनचे हात चौकटीत स्वच्छ दिसत होते: दोन्ही मुठी एकावर एक. म्हणजे पुढे घुसा. पोरं मात्र मागे सरकली होती, आणि मागे सरकली म्हणूनच चेंडू त्यांच्या हाती लागला होता. एकदा झालं असतं तर चूक म्हणून सोडून दिलं असतं. त्या सामन्यात अकरा वेळा झालं होतं.

शुक्रवारी त्याने नेल्सन व्हँगला बोलावून घेतलं. नेल्सन बचावफळीचा कप्तान, शेवटच्या वर्षाचा. तो आत आला, पडद्यावरचं थांबलेलं चित्र बघितलं आणि दारातच थबकला.

"माझं काही चुकलंय का, कोच?"

"नाही. बस. कोच टेश मुठी दाखवतायत. तुम्ही मागे का गेलात?"

नेल्सनने टोपी काढून मांडीवर ठेवली. "इशारा यायचा तोवर चेंडू सुटलेला असायचा. मग आम्ही ठरवलं, पंधरापर्यंत आकडे मोजायचे. तेवढ्यात आला तर त्यांचा, नाही आला तर मी सांगीन तो."

"कधीपासून?"

"पाचव्या सामन्यापासून."

"म्हणजे सहा आठवडे तू बचाव चालवतोयस, आणि मला पत्ता नाही?"

"सगळा नाही चालवला. सुरुवातीला अर्धा."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगणार होतो, कोच? की ते म्हातारे झालेत?" नेल्सनचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तुम्ही तिथंच होता की. चाळीस पावलांवर."

वेंडेलने पडद्यावरचं चित्र बंद केलं.

"आणि माझंही सगळं बरोबर आलं नाही," नेल्सन म्हणाला. "शेवटच्या सामन्यात दोन टचडाउन माझ्यामुळे बसले. ते त्यांच्या नावावर घालू नका."

"नाही घालत. जा तू."

दारापर्यंत जाऊन नेल्सन वळला. "त्यांना कळू देऊ नका, एवढंच."

शनिवारी सकाळी वेंडेल ऑरिनच्या घरी निघाला. खिशात दोन कागद होते. एकावर प्रकृतीच्या कारणाने निवृत्ती आणि दोन छान वाक्यं. दुसऱ्यावर मोजलेले आकडे. कुठला काढायचा ते त्याने ठरवलं नव्हतं. गाडी दारात लावल्यावरही पाय निघेना, तेव्हा लॉरेनने, ऑरिनच्या बायकोनेच, खिडकीतून हात केला.

"गॅरेजमध्ये आहे तो," ती म्हणाली. "हरिण मिळालंय. दहा वर्षांत पहिल्यांदा त्याला शिकारीला वेळ मिळाला. कॉफी घेतोस?"

"नको, मिसेस टेश."

"घे रे. तोंड बघ केवढंसं झालंय तुझं."

गॅरेजमध्ये लांब टेबलावर प्लास्टिक अंथरलेलं होतं. ऑरिन एप्रन बांधून मांसाचे तुकडे करत होते. आतड्यात खिमा भरायचं सॉसेजचं यंत्र टेबलाच्या कडेला आवळून बसवलेलं.

"ये. हात धू आणि हँडल फिरव," ते म्हणाले. "हळू. घाई केलीस तर आतडं फाटतं."

वेंडेल फिरवायला लागला. पाच-सहा हात सॉसेज झाल्यावर ऑरिननी विचारलं, "किती मोजलेस?"

"काय?"

"फिल्म बघत बसला होतास ना तीन दिवस? अरे, गाव केवढं आपलं. शेवटच्या सामन्यात किती?"

वेंडेलचा हात थांबला. "एकोणीस."

"एकवीस," ऑरिन म्हणाले. "दोन दुसऱ्या अर्ध्यात आहेत, कॅमेऱ्यासमोर कुणीतरी छत्री धरलीय. मी रविवारी बघितली फिल्म. दर रविवारी बघतो." त्यांनी सुरी पुसली. "पोरांना गुण देतो तसे स्वतःला देत आलोय एकतीस वर्षं. या खेपेला शंभरात एक्केचाळीस. एखाद्या पोराला एवढे पडले असते तर मी त्याला बाकावर बसवलं असतं."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"ऑगस्टमध्ये. डोकं शाबूत आहे म्हणाला. वय झालं म्हणाला. त्याचे वीस मिनिटांचे पैसे झाले." ते हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "मला दिसतं सगळं, वेंडेल. पूर्वी दिसलं की हात आपसूक वर जायचा. आता दिसतं, मग मी स्वतःला विचारतो, खरंच दिसलं का? तेवढ्यात चेंडू गेलेला असतो."

"आणि पोरं..."

"नेल्सनचं म्हणतोस ना? माहीत आहे मला. सहाव्या सामन्यात मी एक दाखवलं आणि त्यांनी दुसरंच केलं. त्यांचं बरोबर होतं. त्या रविवारी मला दुपारी गाढ झोप लागली." त्यांनी पुढचा तुकडा ओढला. "त्याला सांगू नकोस की मला कळलंय."

वेंडेलला आता राग आला, कुणाचा ते त्यालाच कळेना. "मग मला का नाही बोललात? चार सामने उरले होते, कोच! काहीतरी केलं असतं."

"तू येशील म्हणून वाट बघत होतो."

"मला दिसलंच नाही."

ऑरिननी त्याच्याकडे नीट बघितलं. वेंडेल हँडलकडे बघत राहिला.

"दिसलं होतं," तो शेवटी म्हणाला. "ऑक्टोबरमध्ये एकदा मान वर केली होती मी. पोरं तुमच्याकडे बघत उभी होती. मी परत पाटीत डोकं घातलं."

"हं," ऑरिन म्हणाले. "मग दोघंही सारखेच."

लॉरेन कॉफी घेऊन आली. दोघांची तोंडं बघून तिने नुसते कप ठेवले आणि ती आत गेली. वेंडेलने खिशातला पहिला कागद काढून ऑरिनपुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचला.

"प्रकृती? माझी प्रकृती तुझ्यापेक्षा बरी आहे. परवा हरिण ओढत आणलं मी अर्धा मैल."

"डेनिसला असंच हवंय. तुम्हालाही जेवण, फलक..."

"मी कधी एखाद्या पोराला खोटे गुण दिले का रे? तुला दिले होते का?"

"नाही. पहिल्या वर्षी बावन्न दिले होते. मी रडलो होतो."

"बावन्नच्याच लायकीचा होतास. इशारे उशिरा जात होते, असं लिही. एका ओळीत. आणि पोरांवर घालू नकोस." त्यांनी कागद परत दिला. त्यावर त्यांच्या बोटांचे लाल ठसे उमटले होते. "हँडल फिरव. अजून अर्धं हरिण बाकी आहे."

वेंडेल दुपारपर्यंत फिरवत राहिला.

सोमवारी त्याने फॉर्म भरून दिला. 'अपेक्षेपेक्षा कमी' या चौकोनात खूण केली आणि खाली लिहिलं, की इशारे वेळेवर पोचत नव्हते, शेवटच्या सामन्यात एकवीस वेळा, आणि ही गोष्ट हेड कोचच्या लक्षात ऑक्टोबरमध्येच यायला हवी होती. मग 'यायला हवी होती' खोडून 'आली होती' केलं. डेनिसने तिथंच उभ्यानं वाचलं.

"हे शेवटचं वाक्य तुझ्या अंगाशी येणार, कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"तीस वर्षं इथं काढलेला माणूस, आणि एवढ्या कोरड्या दोन ओळी?"

"त्यांनीच सांगितल्या."

ऑरिनचा करार वाढवला गेला नाही. गावात दोन आठवडे बोलणं झालं. कॅफेत एकाने वेंडेलला तोंडावर विचारलं, की ज्यानं तुला माणसात आणलं त्यालाच घरी बसवताना काही वाटलं का. वाटलं, असं सांगून वेंडेलने आपलं सँडविच बांधून घेतलं. डिसेंबरमध्ये डेनिसने त्याचा स्वतःचा फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. सहकाऱ्यांवर देखरेख, अपेक्षेपेक्षा कमी. त्याने वाद घातला नाही. कराराला एक वर्षाची मुदत मिळाली, तीही उपकार केल्यासारखी.

जानेवारीत ऑरिन आपली खोली रिकामी करायला आले. खोकी गाडीत टाकून झाल्यावर ते वेंडेलच्या दारात उभे राहिले.

"नवा कोण बघतोयस?"

"तिघं आहेत. एक डुलुथ शहरातला, तिशीतला. बोलतो फार."

"बोलू दे. हात भरभर हलतात का ते बघ."

"बसता थोडं? त्याची फिल्म आहे इथं."

ऑरिननी घड्याळ बघितलं, बाहेर बर्फात उभ्या गाडीकडे बघितलं. "नको," ते म्हणाले. "लॉरेनला चार वाजता दातांच्या डॉक्टरकडे न्यायचंय." आणि जाताना दार लोटून घेतलं.

वेंडेलने डुलुथच्या माणसाची फिल्म लावली. तीन चाली होईपर्यंत आपण काहीच बघितलं नाही हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा मागे नेऊन पुन्हा पहिल्यापासून लावली.