गोलमागचा स्टँड

गोलमागच्या स्टँडमध्ये त्याला सगळे भोंगा म्हणत. वेल्डिंगच्या कामातून तो निवृत्त झाला, पण आवाज काही निवृत्त व्हायचं नाव घेत नव्हता. या स्टँडचं एक काम वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. आपली गोलकीपर हातातला चेंडू खाली ठेवायला लागली आणि समोरच्या संघातली कुणी तिच्या पाठीशी दबा धरून असली, की भोंग्याने "मागे!" म्हणून ओरडायचं आणि शंभर गळ्यांनी ते उचलायचं.

आज गोलमध्ये त्याची लेक होती. कोचबाईंनी तिला बजावलं होतं, आज हरलो तर पुढच्या मोसमात दुसरी कीपर.

आणि स्टँड? एकजण मोबाइलवर भलतीच मॅच बघत होता. एक बाई बहिणीला व्हिडिओ कॉलवर गवत दाखवत होत्या. बाकीचे मोबाइल उंच धरून पुतळ्यासारखे गप्प. एकाच्याही तोंडून हूं की चूं नाही. भोंग्याचा जीव नुसता कासावीस झाला होता.

"अहो, ओरडा की जरा!"

"काका, प्लीज," मागच्या रांगेतली चष्मेवाली म्हणाली. "रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाज येतोय."

भोंग्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो गर्रकन वळला. "माझा आवाज येतोय? अगं, इथे आवाज करायलाच यायचं असतं! घरी बसून बघा ना मग!" सगळा राग तो ओकत सुटला. दोघातिघांनी लगेच त्याचंच शूटिंग सुरू केलं.

तेवढ्यात समोरचे सगळे चेहरे एकदम "अरेरे" म्हणाले. तो वळेपर्यंत चेंडू जाळ्यात होता आणि लेक गुडघ्यांवर बसली होती.

तोच एक गोल. मॅच गेली.

लेक बाहेर आली तेव्हा तिचे केस ओले होते आणि डोळे लाल.

"कुणी ओरडलंच नाही गं," भोंगा म्हणाला. "हे मोबाइलवाले मेले..."

"चेंडू ठेवण्याआधी मी स्टँडकडे बघितलं, बाबा. तुम्ही तिकडे तोंड करून कुणाशी तरी भांडत होतात. म्हटलं, बाबांना भांडायला सवड आहे म्हणजे मागे कुणी नाही."

"अगं, पण ते लोक..."

"त्यांच्याकडे मी बघतच नाही," ती म्हणाली आणि बॅग उचलून चालू लागली.