काजूचा पांढरा रस्सा

संघप्रियानं भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि तोंडाशी नेऊन परत ताटात ठेवला. मग त्यावर पापड झाकला.

धोंडीरामनं ते पाहिलं. पोरीला कळू न देता तो वाटीत चमचा फिरवत राहिला.

राजारामपुरीतलं हे व्हेगन हॉटेल नुकतंच उघडलं होतं. मटण नाही, अंडं नाही, दूध-तूपसुद्धा नाही. वाढणारा मात्र पक्का कोल्हापुरी होता.

"कसा हाय रस्सा, पावणं? सगळा काजू हाय, आजऱ्याचा."

"चव बरी हाय," धोंडीराम म्हणाला. "पण मटणाबिगर पांढरा रस्सा म्हंजे पैलवानाबिगर तालीम की ओ."

वाढणारा मोठ्यानं हसला. संघप्रियाही हसली. हसता हसता तिचा डावा हात ओढणीखाली गेला आणि बरगडीखाली दाबून तिथंच राहिला.

धोंडीरामचा चमचा थांबला.

त्याची बायको तानूबाई असाच हात ठेवायची. पदराखाली. त्या साली तिनं वर्षावासाच्या तीन महिन्यांसाठी मटण सोडलं. वर्षावास संपला, विहारात खीर वाटली, तरी ती पुन्हा मटणाकडे वळली नाही. मग दूध सोडलं, मग चहा. बायकोनं धम्म मनावर घेतलाय, असं धोंडीराम शिरोलीच्या फौंड्रीत ज्याला त्याला कौतुकानं सांगत सुटला होता. डॉक्टरांनी पोटाचा फोटो उजेडासमोर धरला, त्या दिवसानंतर त्यानं कुणाला काही सांगितलं नाही.

आई गेल्यावर पोरगी व्हेगन झाली. तिच्या ऑफिसात आणखी दोघी तशाच होत्या, त्यामुळे त्याला त्यात वावगं वाटलं नाही. आजच्यासारखं सुट्टीच्या शनिवारी दुपारी ती त्याला नव्या नव्या जागी न्यायची. ताराबाई पार्कात तेल जास्त होतं. रंकाळ्याजवळ सोयाबीनला वास येत होता. जागा बदलत गेल्या आणि ताटात उरायचं ते वाढत गेलं.

"तुमी घ्या की, आबा." तिनं ताट त्याच्याकडे सरकवलं. "मला हितलं काय जमंना. लय जड हाय."

"भाकरी जड?"

"तसं न्हवं ओ." ती मोबाईलवर बोट फिरवू लागली. "पुढच्या शनिवारी उद्यमनगरात जाऊया. नवीन झालंय. तिथलं हलकं असतंय म्हणं."

धोंडीरामनं पापड उचलला. खाली भाकरीचे तुकडेच तुकडे होते, भिजून फुगलेले. त्यानं पापड होता तसा परत ठेवला.

"हात धू. निघूया."

"इतक्यात? कुठं?"

"आईच्या डॉक्टरकडं."

पोरगी लहानपणापासून भांडखोर. भाजीत मीठ कमी म्हटलं तरी भांडायची. व्हेगनवरून तर सगळ्या भावकीला पुरून उरली होती. आता ती ओरडेल, 'आबा, येड लागलंय काय' म्हणेल, म्हणून धोंडीराम तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती ओरडावी, असं त्याला फार वाटत होतं.

संघप्रियानं मोबाईल पालथा ठेवला. ओढणी सारखी केली.

"आत्ता न्हाईत ते," ती हळूच म्हणाली. "शनिवारी चारनंतर बसत्यात."

तानूबाईच्या वेळी तो दवाखाना शनिवारी बंद असायचा.