विहिरीवरचा प्रसंग

आकांक्षाने दिवाळी अंकाच्या पिवळ्या पडलेल्या पानावर पेन्सिलीने बारीक फुली मारली आणि अंक वडिलांपुढे सरकवला.

"पप्पा, इथं काहीतरी गाळलंय तुम्ही."

शेषरावांनी चष्मा शोधायला जरा जास्तच वेळ घेतला. पान वाचायची त्यांना गरज नव्हती. तीस वर्षांपूर्वी छापून आलेली ती त्यांची एकुलती एक कथा. एकाच वर्गात शिकणारे बहीणभाऊ सातवी पास होतात, पुढची शाळा हिंगोलीला, आणि बहीण भावासाठी आपलं शिक्षण सोडते. लोकांनी डोळे पुसत वाचली होती. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले त्या दिवशीच्या भाषणांतही तिचा उल्लेख झाला. आता आकांक्षाने एम.ए.च्या प्रकल्पासाठी ग्रामीण कथांमधल्या बाया हा विषय घेतला होता, आणि दहा कथांमध्ये हौसेने ही एक घातली होती.

"हे बघा. वडील मुलाला म्हणतात, 'जा, ताईला विचारून ये. यायचं म्हणत असली तर तिथं खोली करू.' मुलगा विहिरीकडे निघतो. पुढच्याच ओळीत घरी येऊन सांगतो, ताई नाही म्हणते. मधला प्रसंगच नाही. कथेतला सगळ्यात मोठा निर्णय बाईचा, आणि तो घेताना ती आपल्याला दिसतच नाही. भावाच्या तोंडून कळतो."

"लघुकथेत सगळं दाखवायचं नसतं."

"चहा करताना दाखवलीय की. दोनदा." आकांक्षा हसली. "पूर्ण कथेत ती सात वाक्यं बोलते. त्यातली सहा भावाच्या जेवणाबद्दल. नावसुद्धा नाही तिला."

शेषरावांनी अंक मिटला. पोरीला वाचायला आपणच शिकवलं, ओळीच्या आतलं बघायलाही आपणच शिकवलं, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. पण त्यात नेहमीचा अभिमान नव्हता.

"मी उद्या शिरडला जाते," ती म्हणाली. "आत्यालाच विचारते, विहिरीवर ती काय बोलली ते."

"तिला काय आठवणार? पन्नास वर्षं झाली."

"विचारायला काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषरावही चप्पल घालून तयार होते. आकांक्षाला नवल वाटलं.

बस औंढ्यापर्यंत भरलेली होती, मग रिकामी झाली. दोघांना शेजारी जागा मिळाली. सांगायचं तर आता, असं शेषरावांनी दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा त्यांनी खिडकीची काच सरकवून पाहिली.

विहिरीवरच्या प्रसंगात लिहिण्यासारखं काही नव्हतंच. शेषा विहिरीवर गेलाच नव्हता. बाभळीपर्यंत गेला. तिथून अक्का दिसत होती, दगडावर पाय घासताना, काहीतरी गुणगुणताना. ती त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. त्याला सांभाळण्यापायी तिची शाळा उशिरा सुरू झाली, म्हणून दोघं एका वर्गात. गुरुजी आधी तिचे मार्क वाचायचे आणि मग वर्गाकडे न बघता त्याच्याकडे बघायचे. हिंगोलीतही हेच होणार होतं. नवी शाळा, नवी पोरं, आणि पहिल्या बाकावर पुन्हा अक्का. तो बाभळीपासूनच मागे फिरला. बा सालगडी होते, मालकाच्या वाड्यावर जायच्या घाईत होते. "न्हाई म्हनती," त्याने सांगितलं. बा क्षणभर थांबले. "बरं," म्हणाले, आणि कोपऱ्यातला विळा उचलून निघाले. पुढच्या उन्हाळ्यात अक्काचं लग्न शिरडला झालं.

कथा लिहिताना त्यांनी विहिरीवरचा प्रसंग तीन वेळा लिहायला घेतला होता. अक्काच्या तोंडी नकार काही केल्या बसेना. शेवटी त्यांनी ती जागा मोकळी सोडली, आणि एकाही वाचकाला ती दिसली नाही.

शिरडला मालनबाई ओसरीत वाळलेल्या हळदीचा ढीग पुढे घेऊन बसली होती. गड्डे एकीकडे, हळकुंडं एकीकडे. हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते.

"जयभीम, आत्या."

"जयभीम, माय. ये. आन् ह्यो कसा काय आला आज? बिनबोलावता?"

"आलो असाच," शेषराव म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले.

पाणी झालं, चहा झाला. आकांक्षाने वही काढली, मग अंक काढला. मालनबाईने हात पदराला पुसले.

"हीच व्हय ती गोष्ट? माझ्यावर लिवलेली?"

"तू वाचली नाहीस?"

"कुठून वाचू? दोनदा मागितली ह्याला. पयल्यांदा म्हनला, अंक संपले. मंग म्हनला, सापडंना." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "शिरडच्या बाया म्हनायच्या, तुह्या भावानं तुला देवी करून ठिवली. मी म्हनायचे, आसंल बाई. आता डोळ्याला दिसंना. तूच वाच."

आकांक्षा वाचू लागली. शेषराव हळदीच्या ढिगाकडे बघत राहिले. मालनबाईचे हात चालू होते. शाळेचं वर्णन आलं तेव्हा ती म्हणाली, "बराबर लिवलंय." चहाचा प्रसंग आला तेव्हा हसली. "चहा कुठं होता तवा आपल्या घरी? गूळपानी." मग आकांक्षा पेन्सिलीच्या फुलीजवळ आली.

"'वडील म्हणाले, जा, ताईला विचारून ये. यायचं म्हणत असली तर तिथं खोली करू.'"

मालनबाईचे हात थांबले.

"कोन म्हनलं?"

"वडील. म्हणजे आजोबा."

"गोष्टीत म्हनले, का खरंच?"

आकांक्षाने वडिलांकडे पाहिलं. तिने वहीत लिहून आणलेला प्रश्न हा नव्हता. पुढची ओळ तिच्या बोटाखाली होती, तीही तिने पुन्हा पाहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"अक्का," शेषराव म्हणाले. "खरंच म्हनले होते. मला धाडलं होतं तुझ्याकडं. मी आलोच न्हाई विहिरीवर. मधूनच मागं फिरलो. घरी येऊन सांगितलं, तू न्हाई म्हनतीस."

पन्नास वर्षं त्यांनी या वाक्यानंतरची अक्का मनात पाहिली होती. कधी ती रडायची, कधी उठून आत निघून जायची, कधी नुसतं म्हणायची, काहून रे? त्या प्रत्येकीला द्यायला त्यांच्याजवळ उत्तर तयार होतं.

मालनबाई त्यांच्याकडे बघतच नव्हती. अंगणात बघत होती.

"म्हंजी बानं इचारलं होतं," ती म्हणाली.

आकांक्षाने वही मिटून बाजूला ठेवली.

"मला वाटायचं, इचारलंच न्हाई. गाय दावनीची सोडून दुसऱ्याच्या दावनीला बांधावी, तसं केलं. शेवटच्या दुखन्यात धा दिवस राहिले मी बापाजवळ. हागनंमुतनं काढलं. पर तोंडानं बोलले न्हाई. ते मालन मालन करायचे, मी भिताडाकडं बघायचे." तिने एक हळकुंड उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं. "त्येस्नी वाटलं आसंल, हिनंच न्हाई म्हनलं, आन् आता आपल्यावरच रुसली."

"अक्का, माझं चुकलं—"

तिने पिवळा हात वर केला. रागाने नव्हे, गाणं ऐकताना मधे बोलणाऱ्याला गप्प करावं, तसा.

"आकांक्षा, बाचं वाक्य पुन्यांदा वाच गं."

आकांक्षाने अंक उचलला. तिने वाचलं.

"'जा, ताईला विचारून ये. यायचं म्हणत असली तर तिथं खोली करू.'"

"ताई न्हवं. आमच्या घरी कुनी ताई म्हनत नव्हतं. मालनला इचारून ये, असं म्हनले असतील," मालनबाई म्हणाली. "तसं वाच."

आकांक्षाने तसं वाचलं. मालनबाईने डोळे मिटले आणि अंगणापलीकडे कुणाला ऐकू जावं की न जावं अशा हळू आवाजात म्हणाली,

"यायचंय, बा."