बेंबीच्या उजवीकडे

आमचे हे तिकीट तपासनीस होते. नोकरीची सगळी वर्षं फुकट्या प्रवाशांना चेहऱ्यावरून ओळखण्यात गेली. निवृत्त झाल्यावर तपासायला उरले मी एकटी, आणि त्यातून मला मधुमेह. मग काय विचारता, घरात गस्तच सुरू झाली.

मूळ भानगड अशी की माझी साखर काही केल्या उतरत नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन होईल, पण साखर आटोक्यात आल्याशिवाय मी हात लावणार नाही." मी शिवणकाम करते. बाहेरच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल आणि एक उभा आरसा, एवढंच माझं दुकान, पण ते मी माझ्या जिवावर उभं केलेलं आहे. हळूहळू सगळं धुरकट दिसायला लागलं. सुईत दोरा हे ओवून द्यायला लागले. मग एका वकिलांच्या कोटाची बाही मी चक्क तिरपी कापली. त्या दिवशी कात्री खाली ठेवली, मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. नंतर तोंड धुतलं आणि ठरवलं, काय वाटेल ते होवो, हे ऑपरेशन मी करून घेणारच.

पथ्य तर मी जीव मारून पाळत होते. चहा बिनसाखरेचा, भात दोन घास, गोडाचं नाव नाही. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनच्या पेनाने इन्सुलिन टोचणं. तरी साखरेचा आकडा जागचा हलायला तयार नाही. साखरेच्या डॉक्टरांनी डोस वाढवला, मग आणखी वाढवला, आणि त्यावेळी चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई, चोरून काही खात नाही ना?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "मी बघतो, डॉक्टर."

आणि खरंच बघायला लागले. साखरेचा डबा कुलपात गेला. बिस्किटांच्या पुड्यावर खूण झाली. कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर उपडी करून तिची झडती होऊ लागली. वन्संना फोन गेला, आणि वन्संनी तिकडे बसल्या बसल्या निकाल देऊन टाकला, "दादा, कपाटामागे बघ. अशी माणसं कपाटामागे लपवतात." माझ्या कपाटामागे झुरळसुद्धा मला विचारून जातं! एकदा दुपारी मी लवंग चघळत होते, तर हे दारात उभे.

"तोंडात काय आहे?"

"दात," मी म्हटलं.

वरवर हसण्यावारी नेलं, पण मनाला फार लागलं. ज्या माणसाबरोबर अर्ध्याहून जास्त आयुष्य काढलं, त्याला माझ्या बोलण्यापेक्षा कचऱ्याची बादली खरी वाटावी, हे मला सहन होईना. ऑपरेशन लांबत होतं ते लांबतच होतं, वर हा चोरीचा आळ. एके दिवशी मी चप्पल घातली आणि म्हटलं, "चला दवाखान्यात. डॉक्टरांकडे नाही, सिस्टरकडे. तिच्यासमोर टोचून दाखवते. माझ्यात खोट कुठे आहे, ती एकदा कळू दे."

"टोचण्यात काय बघायचंय? आकडा तर मीच लावून देतो."

ते मात्र खरं होतं. पेनावरचा डोसचा आकडा मला दिसत नसे, म्हणून हे खिडकीच्या उजेडात उभे राहून तो लावत, पुन्हा एकदा निरखून बघत आणि पेन माझ्या हाती देत. मी ते घेऊन आतल्या खोलीत जाई आणि दार लोटून घेई. पोट उघडं टाकून कुणासमोर बसायचं म्हणजे मला कसंसंच होतं, मग तो नवरा का असेना.

संध्याकाळच्या डोसची वेळ गाठून आम्ही गेलो. सिस्टर अंगाने भरलेली, आवाजाने मऊ. तिच्या खोलीत एक वजनकाटा, एक पडदा, आणि टेबलावर टोचण्याच्या सरावासाठी ठेवलेली रबरी उशी. "घरी करता तसंच करा, काकू. मी मध्ये बोलणार नाही," ती म्हणाली, आणि लगेच मध्ये बोलली. "थांबा. सुई नवी नाही लावली?"

"आहे की लावलेली. चांगली चालतेय."

"कधीपासून आहे ही?"

"पेन उघडलं तेव्हापासून."

सिस्टरने डोळे मिटून घेतले. मला राग आला. "अहो, माझी हयात सुयांत गेली. एका टाक्यासाठी कुणी सुई टाकून देतं का?"

"कापडाची सुई टाकू नका, काकू. ही टाकायची. एकदा टोचली की हिचं टोक बोथट होतं, आणि पेनाला तशीच लावून ठेवली की आत हवा शिरते, औषध गळतं." तिने जुनी सुई काढून जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकली, नवी बसवली, पेन उभं धरून दोनचा आकडा लावला आणि बटण दाबलं. सुईच्या टोकावर थेंब आला म्हणे. मला कसला दिसतोय, पण यांना दिसला. "दर वेळी आधी हे करायचं. थेंब आला की मगच तुमचा आकडा लावायचा."

"हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," हे म्हणाले.

"सांगितलं असेल, काका. पहिल्या दिवशी घाबरलेल्या माणसाला त्यातलं कितीसं ऐकू जातं?"

मग तिने मला उशीत टोचायला लावलं. मी टोचलं, बटण दाबलं, सुई बाहेर. एकदम सफाईदार.

"काकू, उशीवर हात फिरवा."

बोटं ओली झाली. "हे काय?"

"तुमचं औषध. अर्धं आत, अर्धं बाहेर. बटण शून्यावर गेलं तरी सुई आतच ठेवायची, सावकाश दहा आकडे मोजायचे, मग काढायची."

मशीनवर सुई खाली गेली की वर येते, तिथे रेंगाळत नाही. माझ्या हाताला तेच वळण पडलेलं. आता सिस्टर म्हणाली, "पोट दाखवा," तसे हे बाहेर जायला उठले. मला लाज वाटत होती, तरी मी म्हटलं, "बसा. तुम्हाला सगळं बघायचं होतं ना? मग हेही बघा."

सिस्टरने पोटावर बोटं फिरवली आणि बेंबीच्या उजवीकडे थांबली. "रोज इथेच टोचता?"

"तिथेच. तिथे अजिबात दुखत नाही. फार शोधून काढलीय मी ती जागा."

तिने माझाच हात धरून तिथे ठेवला. कातडीखाली काहीतरी जाड, ताठर लागलं, कॉलरमध्ये बकरम घालावं तसं. कापड नुसतं चाचपून त्याचा पोत सांगणारी मी, पण स्वतःच्या पोटाला कधी धड हात लावला नव्हता.

"टोचून टोचून गाठ झालीय," सिस्टर म्हणाली. "दुखत नाही म्हणून बरं वाटतं, पण इथून औषध नीट अंगात जात नाही. कधी थोडं जातं, कधी जातच नाही. मग साखर उतरणार कुठून?"

मी यांच्याकडे वळले. "ऐकलंत? बिस्किटं नव्हती," एवढं म्हणेपर्यंत मला रडू आलं. पण त्याच क्षणी हेही कळलं की चोरी केली नसली तरी चूक माझीच होती. दोन्ही गोष्टी एकदम गिळणं मला जड गेलं. यांनी त्या गाठीकडे हात पुढे केला, मागे घेतला. "एवढं झालं आणि तू बोलली नाहीस?"

"दुखतच नव्हतं, तर बोलणार काय?" मी डोळे पुसले आणि सिस्टरला म्हटलं, "चला, दाखवा नवी जागा. आत्ता टोचते."

"मुळीच नाही!" तिने पेन माझ्या हातातून काढूनच घेतलं. "हा वाढवलेला डोस चांगल्या जागी सगळाच्या सगळा लागला तर साखर धाडकन खाली येईल, चक्कर येऊन पडाल. आधी डॉक्टरांना विचारते." ती गेली आणि कमी केलेला डोस विचारून आली. रोज साखर तपासायची, तिने बजावलं. घाम फुटला, हात थरथरले की लगेच साखर तोंडात टाकायची. "काका, साखर कायम काकूंच्या हाताशी ठेवा."

हे मान खाली घालून "बरं" म्हणाले.

त्या दिवसापासून आतल्या खोलीचं दार लोटणं बंद झालं. खिडकीपाशी खुर्ची टाकायची, नवी सुई लावायची, थेंब बघायचा, आकडा लावायचा. आज पोटाची डावी बाजू, उद्या मांडी, आणि मागच्या जागेपासून बोटभर सरकून, शर्टाला काजं घेतात तसं. गाठीला हात लावायचा नाही. नव्या जागी टोचलं की कळ यायची. आली तर आली, मी दात आवळून सुई आत धरून ठेवायची. मोजायचं काम यांचं. सुरुवातीला गाडी सुटल्यासारखे मोजायचे. "सावकाश मोजा, मला कुठे जायचं नाही," असं दोन दिवस ओरडले तेव्हा ताळ्यावर आले. एकदा संध्याकाळी मला दरदरून घाम फुटला, तेव्हा साखरेचा चमचा यांनीच भरवला. घाम थांबेपर्यंत शेजारून हलले नाहीत.

साखरेचा आकडा उतरायला लागला. हळूहळू, पण उतरला. कुलूप गेलं, झडत्या थांबल्या. फक्त जे बोलायला हवं होतं ते काही हे बोलेनात. मीही ठरवलं होतं, मागून घ्यायचं नाही. जे मागून मिळतं ते मला नको होतं.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि मान डोलावली. "छान! पुढच्या आठवड्यात उजवा डोळा करून टाकू."  मग त्या हसून म्हणाल्या, "काय मग, पथ्य पाळायला लागलात वाटतं आता?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात हे म्हणाले, "नाही, डॉक्टर. पथ्य ती पहिल्यापासूनच पाळत होती. मीच तिला चोर ठरवलं. माझं चुकलं."

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. माझे डोळे अधू असतील, कान चांगले शाबूत आहेत, शब्द न् शब्द ऐकू आला होता मला. तरी मी खुर्चीत नीट वळून बसले आणि विचारलं, "काय म्हणालात?"

त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा सांगितलं, या वेळी बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.