परक्या दारातलं पान

तुळशीराम मोरिशसहून बोटीने मुंबईला उतरला, ते साल एकसष्ट. वय साठीला टेकलेलं. आपल्या वाडवडलांच्या मुलखात तो आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होता. पणजा काळूराम पनवेलच्या बाजूने कुठून तरी बोटीत बसून उसाच्या मळ्यावर राबायला गेला, एवढंच घरात ठाऊक होतं. आडनाव बोटीवर चढतानाच गळालं होतं. गावाचं नावही पुढे कोणाला सांगता येईना. आजा म्हणायचा, मिठागरांचा गाव होता, पुढे खाडी न् मागे डोंगर. बस्स.

वर्षापूर्वी तुळशीरामची बायको गेली. जाण्याआधी तिने एकच मागितलं होतं, "एकदा जाऊन मूळ घराच्या दारात पितरांना पान ठेवून या. त्यांच्यात माझाबी घास ठेवा." साखरेच्या गिरणीतून निवृत्त झाल्यावर तुळशीरामने साठवलेलं होतं-नव्हतं ते तिकिटाला लावलं आणि निघाला.

मुंबईत गोदीजवळच्या एका लॉजवर तो उतरला. त्याचं मराठी ऐकून तिथले लोक गालात हसत. हे घरातलं, शंभर वर्षं जपलेलं बोलणं इथे तरी कळेल असं त्याला वाटलं होतं. पण दोन दिवसांत तो तोंड उघडायलाच बिचकू लागला. अशात कमळाकर भेटला. केस चापून बसवलेले, बोलणं लोण्यासारखं मऊ. तो हसला नाही. त्याने चहा मागवला आणि विचारलं, "काका, कुठून आलात? कोणाला शोधताय?"

कोणीतरी विचारलं याचंच तुळशीरामला इतकं बरं वाटलं, की त्याने सगळं सांगून टाकलं. पणजाचं नाव, उसाचा मळा, मिठागरं, खाडी, डोंगर, बायकोची शेवटची इच्छा. कमळाकरने मान हलवत ऐकून घेतलं. "पनवेल माझ्या पायाखालचं आहे," तो म्हणाला. "बघतो काय होतं ते. खर्चापुरतं तेवढं द्या."

दोन दिवसांनी तो परत आला तो हसतच. "काका, देव पावला. घर सापडलं. रोडपाली गाव. समोर खाडी, मागे डोंगर, सगळी मिठागरं. काळूराम नावाचा पुरुष उसाच्या मळ्यावर गेला, हे तिथल्या जुन्या माणसांना अजून आठवतंय. तुमची चुलत बहीण आहे तिथे, गुणाबाई."

तुळशीरामच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. कमळाकरच्या तोंडून आलेला शब्द न् शब्द आपणच परवा त्याला दिला होता, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

ठाण्यावरून एसटीने ते पनवेलला आले, तिथून टांगा केला. टांग्यात कमळाकरने बाकीचं हळूहळू काढलं. कुळाच्या जमिनीत काकांचा वाटा आहे, तो अडकलाय, सोडवायला हवा. कुळदैवताच्या देवळाचं छप्पर गेलंय. काकांसारखा परदेशी वारस आला म्हटल्यावर गाव आशेने बघतंय. तुळशीराम हो हो म्हणत होता, पण त्याचं लक्ष बाहेर होतं. दोन्ही बाजूंना मिठाचे पांढरे ढीग, मधून खाडीचं पाणी, पाठीमागे खारघरचा डोंगर. आजा हेच सांगायचा.

गुणाबाई पन्नाशी ओलांडलेली विधवा. कुडाचं घर, अर्धं कौलारू, अर्ध्यावर पेंढा. मुलगा काशिराम मिठागरावर गेलेला. तिने तुळशीरामकडे नीट बघितलंही नाही. "या भाऊ," एवढं म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे करून भिंतीला टेकली.

"ओळखलंत ना गुणाबाई?" कमळाकर म्हणाला. "काळूरामाच्या घरातले."

"हां," ती खाली बघत म्हणाली.

कमळाकर मग कागद करणाऱ्याला घेऊन येतो म्हणून त्याच टांग्याने पनवेलला परत गेला. तुळशीरामने ट्रंक उघडली. मोरिशसहून आणलेलं एक पातळ त्याने काढलं, बायकोने स्वतःसाठी घेऊन कधी न नेसलेलं. ते गुणाबाईच्या हातात ठेवून तो तिच्या पाया पडायला वाकला. ती चटकन मागे सरली.

"तुमी थोरले हाव. असं नका करू."

तुळशीराम थबकला. "तुमी बी 'आमी-तुमी'च म्हनता," तो म्हणाला. "मंबईला सगली हसत व्हती मना."

तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्याकडे बघून किंचित हसली. मग लगेच तोंड फिरवून चुलीकडे गेली.

त्याने तिला पान ठेवायचं सांगितलं. तिने भात घातला, वालाचं बिरडं केलं, घरात सुका जवळा होता तो भाजला. केळीचं पान आणलं. तुळशीरामने हातपाय धुतले, पान वाढून घेतलं आणि उंबऱ्याबाहेर येऊन बसला. डोळे मिटून तो एकेक नाव घेऊ लागला. पणजा काळूराम. आजा, आजी. बाप, आई. मळ्यावर तापाने गेलेला धाकटा भाऊ. शेवटी बायकोचं नाव आलं आणि तिथे तो अडखळला. पान खाली ठेवायला त्याने हात पुढे केला, तोच गुणाबाईने त्याचं मनगट धरलं.

"थांबा भाऊ. हितं ठेऊ नका."

त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. "मंग कुठं ठेऊ? चुकलं का माजं?"

"तुमचं काय चुकलं नाय. ह्ये दार तुमचं नाय." तिने मनगट सोडलं नाही. "मी तुमची कोन नाय. त्यो मानूस परवा आला. बोलला, परदेशातला म्हातारा हाय, त्याला जुनं घर बघायचं हाय, हो बोल, पावसाच्या आदी घरावर कौलं घालून देतो. माज्या मनात आलं, म्हाताऱ्याचं बी समाधान व्हईल, आपलं बी घर शाकारंल. मी हो बोलले. पन मेल्या मानसाचा घास मी कसा खोट्या दारात पडू देऊ? ती मानसं भुकेली इतक्या लांबून यायची आनि फशी पडायची. मना ह्यो भार नाय झेपायचा."

तुळशीराम पान हातात धरून तसाच बसून राहिला. समोर तोच डोंगर होता, तीच खाडी होती. पण असा डोंगर आणि अशी खाडी इथे दहा-वीस गावांना असेल, हे त्याला आत्ता दिसत होतं.

"त्याला नाव कुनी सांगितलं, काळूराम?" गुणाबाईने विचारलं.

"मीच."

"आनि मिठागरं?"

"मीच." मग हळूच म्हणाला, "समदं मीच."

"मंग त्याला असं काय तरी इचारा, जे तुमी सांगितलंच नाय."

कमळाकर आला तेव्हा उन्हं कलली होती. बरोबर काळी टोपी घातलेला एक गृहस्थ, बगलेत कागदांची वळकटी. मिठागरावरून काशिरामही आला होता. आईने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो फावडं दाराला टेकवून तिथेच उभा राहिला.

तुळशीरामने कमळाकरला बसायला सांगितलं. "येक राह्यलं बाला," तो म्हणाला. "मालूबाईचं काय कललं का रं? आमच्या घरची मालू."

"मालूबाई ना? कळलं तर," कमळाकर एका क्षणात म्हणाला. "तुमच्या पणजीची बहीण. इथेच दिली होती, शेजारच्या गावात. तिच्या नातवंडांना निरोप धाडलाय, उद्या येतील भेटायला."

"मालू आमची गाय हाय," तुळशीराम म्हणाला. "जाताना शेजाऱ्याकडं बांदून आलोय."

काशिरामला हसू आवरेना. काळ्या टोपीवाला गृहस्थ वळकटी सावरत एकदम उठला आणि टांग्याकडे चालू लागला. कमळाकरने काही वेळ म्हातारीचं डोकं फिरलंय, काकांनी बायकांचं ऐकू नये, असं म्हणून पाहिलं. पण काशिराम जागचा हलत नव्हता. शेवटी कमळाकर चप्पल घालून निघाला. खर्चापुरतं म्हणून जे घेतलं होतं ते परत मागायचं तुळशीरामला सुचलंही नाही.

गुणाबाईने पातळ आणून त्याच्यासमोर ठेवलं. "ह्ये चुलतबहिनीसाठी दिलं व्हतं. ती तर नाय. परत घ्या."

तुळशीरामने ते उचललं, मांडीवर घेतलं, थोडा वेळ काठावरून हात फिरवला. मग पुन्हा तिच्यापुढे धरलं. "आता गुनाबाईला देतोय."

तिने पदराने डोळे पुसले आणि घेतलं.

पानाचं काय करायचं, हे तिनेच ठरवलं. "खाडीचं पानी कुना येकाचं नाय. जी मानसं गेली ती हितल्याच पान्यावरून गेली. तिथं ठेवा, ज्याचं त्याला पोचंल." तिघं बांधावरून खाडीच्या काठी गेली. तुळशीरामने पुन्हा पहिल्यापासून नावं घेतली. या वेळी तो कुठे अडखळला नाही. कावळ्यांची वाट बघावी लागली नाही. मासळीच्या वासाने ते तिथे बसलेलेच होते. जवळ्यावर आधी झडप पडली. "आमच्या हितं अशीच हावरी असतात," काशिराम ओशाळून म्हणाला. तुळशीराम म्हणाला, "आमची म्हातारी बी जवलाच आदी खायाची."

तो परत लॉजवर जायला निघाला तर गुणाबाई जाऊ देईना. आठवडाभर तिने त्याला ठेवून घेतलं. काशिराम त्याला घेऊन आसपासच्या गावांत फिरला. निघताना रोज ती बजावायची, "आदी आपलं काय सांगू नका. इचारा आनि गप बसा." खारघरला एक म्हातारा भेटला. त्याच्या घरातला एक जण फार पूर्वी मिरचीच्या बेटावर गेला होता, असं तो म्हणाला. मोरिशसला इथली जुनी माणसं तसंच म्हणत. तुळशीरामने आपलं काही न सांगता नाव विचारलं. म्हाताऱ्याने नाव सांगितलं, सोमा. जुळलं नाही. तुळशीरामने ओढून जुळवलंही नाही. म्हाताऱ्याला नमस्कार करून तो परत फिरला. वाटेत आपण फारसे खट्टू झालो नाही, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. संध्याकाळी घरी कोणीतरी वाट बघत होतं. एरवी कमळाकरची आठवण आली की त्याला राग यायचा, पण तो टिकत नसे. नाही म्हटलं तरी रोडपालीला त्यानेच आणलं होतं.

बोटीचा दिवस आला. पनवेलच्या स्टँडवर निरोप घ्यायचं ठरलं होतं, पण एसटी लागली तशी गुणाबाई त्याच्या आधी आत चढून बसली. तेच पातळ नेसली होती, नऊवारीची सवय असल्याने ते पाचवारी सारखं सावरत होती. पनवेलच्या पुढे ती जन्मात गेली नव्हती.

"तू कुठं?" काशिरामने विचारलं.

"त्याना येकलं सोडायचं नाय. वाटंत अजून येक भेटंल."

मग काशिरामही चढला. गोदीवर तिने कहर केला. हमाल पुढे आला की ती विचारायची, "किती घेनार? कुठं नेनार? आदी बोल." एक जण स्वस्तात घड्याळ दाखवायला आला, एक जण बोटीवर चांगली जागा मिळवून देतो म्हणाला, दोघांना तिने असं झाडलं की रांगेतले लोक वळून बघू लागले. ट्रंक बोटीवर चढेपर्यंत तिने तिच्यावरची नजर काढली नाही. शेवटी तिने कमरेला बांधलेली सुक्या जवळ्याची पुरचुंडी त्याच्या हातात दिली.

"पुढच्या येळंला पत्र पाठवा. आमी घ्यायला येऊ. कुनाच्या बरोबर येऊ नका."

तुळशीरामला पुष्कळ बोलायचं होतं. गेले आठ दिवस तो न बिचकता बोलत होता. तो वाकला. या वेळी ती मागे सरली नाही. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

बोट सुटल्यावर तो कठड्याशी उभा राहिला. खाली गर्दीत तिचं पातळ दिसत होतं. काशिराम तिला चल म्हणत होता आणि ती जागची हलत नव्हती. तुळशीरामने हात जोडले. धक्का दिसेनासा झाला, तरी त्याने ते सोडले नाहीत.